भिंतीतला फुटबॉल: डी मॉइन ते ग्रीन बे आणि परत

पहिला दिवस, शनिवार: डी मॉइन

सामना सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. चेंडू काखेत मारून एक गडी कडेने सुसाट आला, मागून दुसऱ्याने त्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघेही आमच्या पुढ्यातल्या भिंतीवर असे आदळले की माझ्या हातातले अर्धे पॉपकॉर्न पुढच्या रांगेत उडाले. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. मी 'सॉरी' म्हणायच्या आत त्यांनी खांद्यावरचा एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि पुन्हा ओरडायला लागल्या. म्हटलं, चला, आपल्यासारखीच माणसं दिसतात.

मी वाळवा तालुक्यातला. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं, त्याआधी मातीत कबड्डी खेळलो, त्यानंतर पंच म्हणून जत्रा-उरुसांच्या स्पर्धांत शिट्ट्या मारल्या. लेक आणि जावई आयोवा राज्यातल्या डी मॉइनला असतात. (या नावात इंग्रजी 'एस' दोन आहेत आणि बोलताना एकही उच्चारायचा नाही, हे मला नातीने पहिल्याच दिवशी बजावलं.) आमच्याकडे गल्लीगल्लीत पतसंस्था असाव्यात तशा इथे विमा कंपन्या आहेत. त्यातल्याच एकीत जावई कामाला. २०२५ चा मे महिना, घरात बसून कंटाळलेला सासरा, आणि शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्याकडे आयोवा बार्नस्टॉर्मर्स या इनडोअर फुटबॉल संघाची हंगामाची तिकिटं. नात त्यांना 'काका' म्हणते. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मीही काकाच म्हणतो. त्यांनाही ते आवडतं, पण उच्चार 'कॅकॅ' करतात.

'इनडोअर फुटबॉल' म्हटल्यावर मला वाटलं होतं लाथेने खेळायचा गोल चेंडू. ते नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल, शिरस्त्राणं घालून अंगावर जायचा, पण छपराखाली आणि आखडता घेतलेला. बाहेरचं मैदान शंभर यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून थोडं जास्त रुंद. इथलं ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात मावेल एवढं. खरोखर तेच रिंगण असतं. हिवाळ्यात इथे हॉकी चालते, मग हिरवा गालिचा अंथरतात आणि हॉकीच्या कडेच्या फळ्यांना जाड गाद्या बांधतात. बाहेर एका बाजूला अकरा गडी, इथे आठ. बाहेर चौथ्या प्रयत्नाला अवघड वाटलं तर चेंडू लांब लाथाडून देता येतो. इथे ते चालत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढा, नाहीतर गोलखांबांतून किक मारून गुण घ्या, नाहीतर चेंडू द्या.

या सगळ्यापेक्षा मला भावली ती भिंत. आमच्या कबड्डीत कडेला राखीव क्षेत्र असतं. झटापट झाली की ते उघडतं, आणि त्यापलीकडे पाय गेला की गडी बाद. चांगला कोपरारक्षक चढाईवाल्याला पकडत नाही, रेषेकडे ढकलत नेतो. इथे रेषेच्या जागी भिंत उभी केली की काय होतं ते मी पहिल्या पंधरा मिनिटांत पाहिलं. ढकलणारा आणि ढकलला जाणारा दोघेही तिच्यावर जातात. भिंतीला पंच लागत नाही.

दुसरी गंमत सुरुवातीच्या धावेची. चेंडू मागे दिला जाण्याआधीच दोन खेळाडू पुढच्या दिशेने पळत सुटतात आणि चेंडू हलायच्या क्षणाला भरवेगात रेषेवर पोहोचतात. बाहेरच्या खेळात अशी पुढची धाव निषिद्ध. समोरचा बचावपटू मात्र उभ्याने सुरुवात करतो. हा अन्याय आहे, असं मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, म्हणून तर गुण पडतात, लोक गुण पाहायला येतात. दोन्ही बाजूंची मिळून शंभरी होणं इथे रोजचं. आमच्याकडे कबड्डी मातीतून मॅटवर आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तीस सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या रिकाम्या चढाईचा 'करा नाहीतर मरा' नियम टीव्हीवर घराघरात पोहोचला, तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. मीही मुरडलं होतं. इथे नाक मुरडायला आधीचं काही नव्हतंच, खेळ जन्मलाच प्रेक्षकांसाठी.

गुणांचा हिशेब मात्र मला मध्यंतरापर्यंत लागेना. सुरुवातीची किक थेट समोरच्या खांबांतून गेली तर दोन गुण, त्याला 'ड्यूस' म्हणतात. किक झेललेला गडी स्वतःच्या टोकाच्या पट्ट्यातून बाहेरच पडू शकला नाही तर एक गुण, तो 'उनो'. म्हणजे चढाई न करताच बोनस.

सामना संपल्यावर काकांनी शेजारची जुनी इमारत दाखवली. आता ते संमेलनगृह आहे. पूर्वीचं व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियम, लोकांच्या तोंडी 'द बार्न', म्हणजे गोठा. १९९५ मध्ये बार्नस्टॉर्मर्स इथे सुरू झाले. विमानाच्या कसरती करत गावोगाव फिरणाऱ्या जुन्या वैमानिकांवरून हे नाव, म्हणून खेळाडूंच्या शिरस्त्राणावर वैमानिकाचे गॉगल रंगवलेले. काका पहिल्या हंगामापासूनचे. १९९६ चा अंतिम सामना याच गोठ्यात झाला, टँपा बे स्टॉर्मने बेचाळीस-अडतीसने हरवलं. हे सांगताना ते क्षणभर गप्प झाले. तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती त्याला.

त्या दिवशी आयोवाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, होता कर्ट वॉर्नर. हे नाव पुढच्या चार दिवसांत इतक्यांदा आलं की जावयाने गाडीत दर उल्लेखाला एक डॉलर दंड लावला. पुढे तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, गेला आणि जानेवारी २००० मध्ये तिच्या अंतिम सामन्याचा, सुपर बोलचा, मानकरी ठरला. पण जावयाने मला जे मोबाइलवर शोधून दाखवलं ते काकांनाही माहीत नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलची एक भारतीय लीग श्रीलंकेत खेळवली गेली होती, आणि तिला पाठबळ देणाऱ्या अमेरिकनांत हाच वॉर्नर होता. पहिलं विजेतेपद कुणाचं? पुणे मराठाजचं! मी आयुष्यभर सांगली-पुणे केलं, पण अशी काही टीम आहे हे ऐकलं नव्हतं. काकांनी हस्तांदोलन करून माझं अभिनंदन केलं, जणू मीच खेळलो होतो. मी ते घेतलं.

दुसरा दिवस, रविवार: मोलीन

जावयाने तीन दिवसांची रजा टाकली. लेकीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. काकांनी गाडीत बसल्या बसल्या दशमी मागितली, चटणीला बोट लावलं आणि पुढे तासभर पाणी पीत बसले.

इंटरस्टेट ८० ने सरळ पूर्वेला. दोन्ही बाजूंना नुकता उगवलेला मका, मधूनमधून चकाकणारे उंच कोठारांचे डबे. वॉलकॉटला जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रकथांबा लागतो. तिथे चहा म्हणून जे मिळालं त्याबद्दल लिहीत नाही.

मिसिसिपी मी पहिल्यांदा पाहिली ती बेटनडॉर्फकडून मोलीनला जाणाऱ्या नव्या पुलावरून, पांढऱ्या कमानींखालून. कृष्णेला जुलैत पूर येतो तेव्हा जेवढं पाणी दिसतं तेवढं इथे साध्या दिवसाला. पलीकडे उतरलो की इलिनॉय राज्य, आणि समोर जॉन डियरचं आवार. १८४८ मध्ये जॉन डियर नावाचा लोहार नांगराचा धंदा घेऊन इथे आला. हिरवा-पिवळा ट्रॅक्टर पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या भावकीत दोघांकडे हाच आहे, पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून बाहेर पडलेला. मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. जावई म्हणाला, "आबा, मिसिसिपीचा एक फोटो नाही आणि ट्रॅक्टरचे सात?" नदी काय, कुणाचीही असते.

क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स हा इथला संघ. नाव नदीतल्या चाकांच्या आगबोटींवरून. मूळ संघ २००० मध्ये छोट्या गावांसाठी काढलेल्या धाकट्या लीगमध्ये उतरला आणि पहिल्या हंगामात एकही सामना हरला नाही, अंतिम सामन्यासकट. पुढच्या वर्षीही विजेतेपद त्यांचंच. २००९ नंतर तो संघ बंद पडला. २०१८ मध्ये त्याच नावाने नवा उभा राहिला आणि २०१९ पासून बार्नस्टॉर्मर्स खेळतात त्याच इनडोअर फुटबॉल लीगमध्ये आला. २०२२ मध्ये अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरला, सत्तेचाळीस-पंचेचाळीस. अरीनाचं, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहाचं, नावही असंच बदलत गेलं. द मार्क, मग आयवायरलेस सेंटर, मग टॅक्सस्लेयर सेंटर, आता व्हायब्रंट अरीना ॲट द मार्क. प्रायोजक बदलला की पाटी बदलते. आमच्या डी मॉइनच्या अरीनाचीही, मी पाहिली तेव्हा वेल्स फार्गो होती, जुलैत केसीज झाली. केसीज म्हणजे पेट्रोलपंपावर पिझ्झा विकणारी आयोवाची दुकानं. आमच्याकडे चषकाचं नाव दरवर्षी वेगळ्या साहेबांच्या वाढदिवसावरून पडतं, तसाच प्रकार.

सामन्याबद्दल थोडक्यात. काल मला नियम कळत नव्हते, आज कळत होते, त्यामुळे काल जास्त मजा आली होती. पण एक पकड अशी पाहिली की मी जागेवरून उठलो. मधला बचावपटू, अंगाने बारका, समोरच्या धिप्पाड गड्याच्या घोट्याला गेला. वरचं सगळं सोडून थेट घोटा. नव्याने शिकणाऱ्या पोरांना मी हेच ओरडून सांगत आलो: "खांद्याशी कुस्ती करू नकोस, घोटा धर!" तो गडी झाड तोडल्यासारखा पडला.

शेवटची शिट्टी झाली आणि भिंतीतली छोटी दारं उघडली. माणसं चक्क मैदानात. पोरं, म्हातारे, लहान मुलं कडेवर घेतलेल्या बाया. खेळाडू घामाने निथळत उभे राहून टोप्यांवर, चेंडूंवर, एका मुलाच्या प्लास्टर घातलेल्या हातावर सह्या करत होते. तासाभरापूर्वी ज्यांनी एकमेकांची हाडं सैल केली ते दोन्ही संघांचे लोक घोळका करून गुडघ्यावर बसले आणि त्यांनी प्रार्थना केली.

मी तो घोट्यावाला शोधून काढला. जवळून पाहिला तर पंचवीस-सव्वीसचा पोरगा, भुवईवर पट्टी. जावयाने माझं वाक्य इंग्रजीत केलं: हे भारतातले एका खेळाचे पंच आहेत, त्यांना तुझी पकड आवडली. तो हसला आणि विचारलं, कुठला खेळ? मी तिथेच गालिच्यावर वाकून दाखवला, डाव्या गुडघ्यावर जाऊन घोटा कसा धरायचा आणि दुसरा हात टाचेमागून कसा घ्यायचा. गुडघ्याने आवाज केला, तो त्यालाही ऐकू गेला असावा. त्याने मला हात देऊन उठवलं.

हिवाळ्यात काय करतोस, असं विचारलं. म्हणाला, घरोघरी खोकी पोहोचवतो, आणि गावातल्या शाळेत बदली शिक्षक. हंगामात संघ राहायला खोली देतो. कॉलेजनंतर मोठ्या लीगने निवडलं नाही, एकदा चाचणीला बोलावलं आणि परत पाठवलं. इथे चांगलं खेळलो तर कॅनडाचा कुणी बघेल, असं म्हणाला आणि पुढच्या मुलाच्या टोपीवर सही करायला वळला.

माझ्या पिढीतल्या किती जणांना असंच विचारता आलं असतं! एस.टी.त, साखर कारखान्यात, पोलिसात खेळाडू म्हणून भरती होण्याची वाट बघत गावोगाव चढाया करणारे. दोघातिघांना मिळालं. बाकीच्यांचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक. एक मास्तर झाला.

तिसरा दिवस, सोमवार: रॉकफर्डवरून ग्रीन बे

रॉकफर्डला थांबायचा हट्ट काकांचा. जावयाचं म्हणणं, तिथे पाहण्यासारखं काही नाही. दोघांचंही बरोबर निघालं.

या खेळाला बाप आहे, आणि त्याचं नाव जिम फॉस्टर. ११ फेब्रुवारी १९८१ ला तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बसला होता. समोर गोल चेंडूचा, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा, छपराखालचा सामना चालला होता. त्याला वाटलं, आमचा फुटबॉल असा आत का नाही? हातातल्या खाकी पाकिटावर त्याने मैदान काढलं. काकांनी ही गोष्ट सांगताना खिशातलं तिकीट काढून त्याच्या मागे मलाही ते काढून दाखवलं: इकडे भिंत, तिकडे भिंत, दोन्ही टोकांना गोलखांबांच्या बाजूला ताणलेली जाळी.

कबड्डी कुणी काढली? कुणालाच माहीत नाही, आणि म्हणून प्रत्येक जिल्ह्याला वाटतं आपणच. एका माणसाने एका संध्याकाळी पाकिटावर खेळ काढावा आणि पाच वर्षांनी तो खरोखर खेळला जावा, हे मला देवळाचा कळस आधी आणि पाया मागून बांधल्यासारखं वाटतं. पण तसं झालं. १९८६ च्या एप्रिलमध्ये रॉकफर्डच्या मेट्रोसेंटरमध्ये पहिला चाचणी सामना झाला. १९८७ मध्ये चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली: शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन. पहिलं विजेतेपद डेन्व्हरला. आपले बार्नस्टॉर्मर्ससुद्धा फॉस्टरनेच काढले, आणि मोलीनचे मूळ स्टीमव्हीलर्सही.

आता त्या इमारतीवर एका बँकेचं नाव आहे. सोमवार, सकाळचे साडेदहा, दारं बंद. आम्ही तिघे फुटपाथवर उभे. काकांनी टोपी काढली. मला आधी वाटलं वाऱ्यामुळे.

पुढे गाडीत मी विचारलं, कालच्या सामन्यात जाळी कुठे होती? तेव्हा खरी भानगड कळली. फॉस्टरने ती उसळती जाळी पेटंट करून घेतली होती, १९९० मध्ये. चुकलेली किक जाळीला लागून परत आली की चेंडू चालूच राहतो, जो झेलेल त्याचा. हा त्याच्या खेळाचा आत्मा. म्हणून इतरांनी छपराखाली फुटबॉल सुरू केला तेव्हा त्यांनी जाळी वगळली. 'अरीना फुटबॉल' आणि 'इनडोअर फुटबॉल' ही दोन वेगळी घराणी अशी पडली. आम्ही पाहत होतो ती लीग दुसऱ्या घराण्यातली, २००८ मध्ये दोन लहान लीग एकत्र येऊन बनलेली, पहिला हंगाम २००९. पेटंट २००७ मध्येच संपलं होतं, तरी जाळी आली नाही. सवय.

मोठ्या घराण्याचं मात्र काही खरं राहिलं नाही. अरीना लीगने २००९ चा हंगामच खेळवला नाही. २०१० मध्ये परत आली, २०१९ मध्ये बंद पडली. २०२४ मध्ये सोळा संघ घेऊन पुन्हा उभी राहिली आणि हंगाम निम्मा व्हायच्या आत संघ गळायला लागले. बिनजाळीची धाकटी पाती चालू आहे, २०२५ च्या हंगामात चौदा संघ. तिच्यातही सगळं आलबेल नाही. सू फॉल्स स्टॉर्म नावाचा साउथ डकोटाचा संघ म्हणजे यांचा दादा, विजेतेपदांची रांग लावलेला. २०२३ मध्ये अंतिम सामना खेळला आणि पुढच्या हंगामाला संघच नाही. काकांना त्याचं दुःख कमी होतं. २०१८ मध्ये बार्नस्टॉर्मर्सनी अंतिम सामन्यात त्यांनाच बेचाळीस-चाळीसने हरवलं होतं, आणि ती गोष्ट आम्ही विस्कॉन्सिनची हद्द लागेपर्यंत ऐकली.

मॅडिसनच्या पुढे जेवलो. काकांनी या वेळी दशमी लोणच्याशी खाल्ली.

चौथा दिवस, मंगळवार: ग्रीन बे

लाखभर वस्तीचं गाव आणि ८१,४४१ खुर्च्यांचं मैदान. लँबो फील्ड गावाच्या मानाने इतकं मोठं आहे की आपण गावात आहोत की मैदानाच्या पार्किंगमध्ये, हे बराच वेळ कळत नाही. इथे खेळणाऱ्या मोठ्या लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाचा मालक कुणी एक धनाढ्य नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. लाभांश नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, तीही मैदानातच. मी म्हटलं, हा तर सहकारी साखर कारखाना! जावयाने काकांना समजावून सांगितलं. काकांनी विचारलं, तुमच्या सभासदांना काय मिळतं? मी म्हटलं, दिवाळीला साखर. त्यावर काका म्हणाले, मग तुमचं बरं आहे.

मैदानात आत नेऊन दाखवतात, खेळाडू ज्या बोगद्यातून येतात तिथूनही. चांगलं आहे. मोठं आहे, स्वच्छ आहे, आणि गवताला हात लावू देत नाहीत. जावई भारावून गेला होता. मला दोन दिवसांपूर्वीचा मोलीनचा गालिचा आठवत होता, ज्यावर मी गुडघा टेकवला होता.

रस्ता ओलांडला की रेश सेंटर. एवढं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. २००२ मध्ये उघडलेली ही बंदिस्त इमारत, आणि त्यात ग्रीन बे ब्लिझर्ड हा इनडोअर संघ, २००३ पासून. आधी धाकट्या अरीना लीगमध्ये, २०१० पासून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये. लँबोच्या सावलीत म्हणतात ते इथे शब्दशः, सावली खरंच पडत असावी. इकडे देशातला सर्वांत लाडका फुटबॉल संघ, तिकडे त्याच खेळाची अर्धी आवृत्ती, मध्ये एक सिग्नल. सामना नव्हता. दाराच्या काचेला नाक लावून पाहिलं तर आत अंधार, पुढच्या सामन्याचं पोस्टर आणि जमीन पुसायचं एक यंत्र.

काका मात्र रस्त्याच्या मधोमध, म्हणजे सिग्नलच्या दुभाजकावर थांबले. त्यांना हेच दाखवायचं होतं. १९९४ च्या उन्हाळ्यात कर्ट वॉर्नर पॅकर्सच्या सराव शिबिरात आला होता. कॉलेजात फक्त शेवटच्या वर्षी नियमित खेळायला मिळालेला, निवड यादीत नाव नसलेला. समोर क्वार्टरबॅकच्या जागेसाठी ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर. हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला काढलं. "त्या बाजूने बाहेर पडला," काका लँबोकडे बोट दाखवून म्हणाले, आणि मग ते बोट रस्त्यावरून फिरवत रेश सेंटरकडे आणलं, "आणि या बाजूला तेव्हा हे नव्हतं." सिग्नल सुटला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. जावयाने दोघांनाही दंडाला धरून पलीकडे आणलं आणि काकांकडून दोन डॉलर वसूल केले.

(इथेच एक पुढचं सांगून टाकतो. ऑगस्टच्या २३ तारखेला ॲरिझोनातल्या ट्युसॉनला २०२५ च्या हंगामाचा अंतिम सामना झाला, लास वेगासच्या नाइट हॉक्सविरुद्ध हेच ग्रीन बे ब्लिझर्ड. आम्ही तो काकांच्या दिवाणखान्यात पाहिला. चौसष्ट-एकसष्ट, ग्रीन बे हरलं. एकसष्ट गुण काढून हरायचं! कबड्डीत एकसष्ट काढणारा संघ हरला तर पंचाची चौकशी लागेल. मी त्या बंद काचेच्या दारामागच्या यंत्रासाठीसुद्धा हळहळलो.)

रात्री तळलेल्या चीजचे गोळे खाल्ले. दाताखाली कच्चं चीज किरकिरतं, तळलेलं ताणतं. दोन्ही एकदाच खावं.

पाचवा दिवस, बुधवार: सीडर फॉल्समार्गे घरी

परतीला सरळ रस्ता न धरता काकांनी डब्युकवरून मिसिसिपी ओलांडायला लावली आणि हायवे २० ने पश्चिमेला. कारण विचारायची गरज नव्हती. ग्रीन बेहून नकार घेऊन वॉर्नर जिथे परतला ते सीडर फॉल्स या वाटेवर आहे. तिथल्याच विद्यापीठात तो शिकला, तिथल्याच घुमटाखालच्या मैदानात खेळला. आयोवाच्या हिवाळ्यापुढे इथले लोक १९७६ पासून फुटबॉल आत घेऊन बसले आहेत, हे घुमट पाहिल्यावर कळलं.

आणि तिथल्याच हाय-व्ही या किराणा दुकानात त्याने रात्रपाळी केली. खोकी फोडायची, डबे फळीवर लावायचे, तासाला साडेपाच डॉलर. दिवसा सराव. पुढच्या वर्षी डी मॉइनला फॉस्टरने गोठ्यात संघ उभा केला आणि त्याला बोलावलं. तीन हंगाम. त्यानंतर युरोपात एक, मग मोठ्या लीगमधला सेंट लुइसचा संघ. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून १९९९ मध्ये उभा राहिला तो थेट सुपर बोलपर्यंत, ४१४ यार्डांचे पास. २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम. काका म्हणतात, हे सगळं भिंतीमुळे. आत पन्नास यार्डांत डोळ्याची पापणी लवायच्या आत चेंडू सोडावा लागतो, थांबलास की गेलास. बाहेर गेल्यावर त्याला वेळच वेळ वाटला असेल. हे मला पटतं. बारा मीटरच्या अंगणात खेळलेली पोरं मोठ्या मैदानावर नेली की ती अशीच मोकळी होतात, मी स्वतः पाहिलंय.

गावात हाय-व्ही एकाहून जास्त. काकांनी त्यांच्या मते खरं असलेलं गाठलं, तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत शिरलो. सगळी दुकानं असतात तसंच. तिसऱ्या गल्लीत सतरा-अठराचा एक पोरगा गुडघ्यावर बसून सूपचे डबे लावत होता, प्रत्येकाची चिठ्ठी पुढे येईल असा फिरवून. काकांनी त्याला विचारलं, कर्ट वॉर्नर इथेच काम करायचा ना?

पोराने डोकं वर केलं. "कोण? दिवसपाळीला असतो का?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरगा उठला, हात झटकले, अदबीने म्हणाला की मॅनेजरना विचारून सांगतो. जावई डब्यांकडे तोंड करून खांदे हलवत हसत होता. काकांनी पोराला थांबवलं, काही नाही, असू दे म्हणाले, आणि विचारलं, डोनट कुठे मिळतील?

"नववी गल्ली, सर, उजव्या हाताला."

आम्ही सहा डोनट घेतले. काकांनी दुधाचा एक मोठा डबाही घेतला, का ते कळलं नाही, त्यांना दूध पचत नाही. एम्स येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून काकांचा आवाज आला, चटणी उरली आहे का?

उरली होती. डोनटला लावून खाल्ली.